पावसाळ्यात कोळसा का अडतो? उघड्या खाणीतलं पाणी आणि रस्ता

पावसाळा सरत आला की एक बातमी बहुतेक वर्षी येते: औष्णिक वीज केंद्रांकडचा कोळशाचा साठा खालावला. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तर देशभरातल्या केंद्रांकडे सरासरी चार दिवस पुरेल इतकाच कोळसा उरला होता. तेव्हा कारणं तीन सांगितली गेली. कोरोनाच्या मंदीनंतर विजेची मागणी एकदम वाढली, परदेशी कोळसा महागला आणि खाणपट्ट्यात पाऊस फार झाला. पहिली दोन कारणं लगेच पटतात. तिसऱ्यापाशी माणूस थबकतो. कोळसा तर जमिनीत आहे, तो काही वाहून जात नाही. पाऊस दोन दिवस पडतो, उघडतो. मग महिना महिना उत्पादन मागे का राहतं?

मी चंद्रपूर-वणी पट्ट्यातला. आमच्याकडे खाण हा गावाच्या शेजारचा विषय आहे, तरी हा प्रश्न इथेही लोक विचारतात. त्याचं उत्तर कोळशात सापडत नाही. ते कोळशापर्यंत उतरणाऱ्या रस्त्यात आहे, आणि त्या रस्त्याचं काय करायचं हे पाणी ठरवतं.

आधी खाण डोळ्यांसमोर आणू

कोळसा म्हटलं की डोक्याला दिवा लावून बोगद्यात शिरणारा कामगार आठवतो. तशा भूमिगत खाणी आजही आहेत, पण भारतातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा आता उघड्या खाणीतून, म्हणजे ओपनकास्टमधून निघतो. वरची जमीन पूर्ण उकरून काढायची आणि खाली उघड्या पडलेल्या कोळशाला हात घालायचा, अशी ही पद्धत. वर्धा नदीच्या खोऱ्यात वरून खाली गेलात तर आधी काळी कापसाची माती, मग गाळ आणि चिकणमाती, त्याखाली वालुकाश्म आणि मग कोळशाचा थर लागतो. कोळशावरच्या या सगळ्या मातीदगडाला खाणीत ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतात. आमच्या भागात एक टन कोळसा काढायचा तर चार-पाच घनमीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त ओबी आधी हलवावी लागते.

हे सगळं पायऱ्यापायऱ्यांनी होतं. नदीच्या घाटाला असतात तशा पायऱ्या, फक्त प्रत्येक पायरी घराएवढी उंच. त्यांना बेंच म्हणायचं. आणि या पायऱ्यांवरून वळणं घेत तळापासून वरपर्यंत येणारा जो कच्चा रस्ता, तो हॉल रोड. साठ टनी, शंभर टनी डंपर त्याच्यावरून रात्रंदिवस चढत-उतरत असतात. साठ टनी डंपर भरला की स्वतःच्या वजनासकट शंभर टनांच्या घरात जातो. त्याचं चाक माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं उंच असतं.

म्हणजे खाण हा एक प्रचंड खड्डा आहे, आणि त्यातून बाहेर पडायला एक-दोनच वाटा आहेत. आता त्यावर पाऊस पाडून बघू.

एका पावसात किती पाणी येतं

हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. समजा खाणीचा खड्डा शंभर हेक्टरचा आहे. मोठ्या खाणी याहून मोठ्या असतात, पण हिशेबाला हा आकडा बरा. एका रात्रीत शंभर मिलिमीटर पाऊस झाला, जो विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये होतोच, तर खड्ड्यात थेट वरून पडलेलं पाणी दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक, असे दहा हजार टँकर.

हे पाणी पंपानं उपसायचं. सेकंदाला शंभर लिटर फेकणारा दमदार पंप एकटाच लावला, तर तो न थांबता साडेअकरा दिवस चालेल तेव्हा खड्डा कोरडा होईल. पाणी साठ मीटर वर चढवायचं असेल तर एवढ्या उपशाला साधारण सत्तावीस हजार युनिट वीज लागेल. आणि हा एका रात्रीचा पाऊस झाला. आमच्याकडे वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. शिवाय दगडाच्या फटींतून भूजल झिरपत असतं ते बाराही महिने.

आत येण्याआधीच अडवायचं

त्यामुळे शहाणी खाण पंपापासून सुरुवात करत नाही. शेतकरी शेताच्या वरच्या अंगाला चर काढतो, वरच्या रानाचं पाणी आपल्या पिकात शिरू नये म्हणून. खाणीभोवती तसाच चर खोदतात. गळ्यात माळ घालावी तसा तो खाणीला वेढा घालतो, म्हणून त्याचं नाव गारलँड ड्रेन. खड्ड्यात पडलेलं पाणी वर चढवावं लागतं, पण चरात अडवलेलं पाणी आपल्या पायांनी नाल्याकडे जातं. त्याला वीज लागत नाही.

हा चर चुकला तर काय होतं ते वरच्याच हिशेबात बघा. खाणीच्या वरच्या अंगाला दोनशे हेक्टर उतार असेल आणि त्यावर पडलेल्या पाण्यातलं निम्मं जरी आत आलं, तरी खड्ड्यातलं पाणी दुप्पट.

चर काढणं सोपं आहे, तो पावसाळाभर मोकळा ठेवणं अवघड. उकरलेली ओबी खाणीजवळच डोंगरासारखी रचलेली असते. या ढिगाऱ्यांवर गवत-झाडं धरलेली नसतील तर पहिल्याच मोठ्या पावसात माती घसरून चरात येते आणि मे महिन्यात खोदलेला चर जूनअखेर बुजलेला असतो. मुंबई-पुण्याची नालेसफाई आठवा. तिथे गाळ वेळेत काढला नाही की पाणी रस्त्यावर येतं, इथे ते खाणीत येतं. म्हणून ढिगाऱ्याच्या पायथ्याशी दगडी बांध, त्याच्या आत गाळ थोपवणारा वेगळा चर आणि ढिगाऱ्यावर गवत, ही तीन कामं मुख्य चराइतकीच महत्त्वाची आहेत. माझ्या मते तर ही तीनच कामं नीट झाली की अर्धा पावसाळा जिंकला, आणि नेमकी हीच मागे ढकलली जातात, कारण त्यातून कोळशाचा एक टनही निघत नाही.

नदीकाठच्या खाणीला आणखी मोठी धास्ती असते. वर्धा, इरई, पैनगंगा यांच्या काठाकाठानं आमच्या खाणी पसरल्या आहेत. तिथे नदी आणि खाण यांच्यामध्ये मातीचा भक्कम बंधारा असतो, आणि तो आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेपेक्षा उंच ठेवावा लागतो. वरच्या धरणातून पाणी सोडलं की खाणीला कळवण्याची व्यवस्था लागते, म्हणजे माणसं आणि यंत्रं वेळेत वर येतात. छत्तीसगडच्या दीपका खाणीत २०१९ च्या सप्टेंबरअखेर लीलागर नदीचं पाणी शिरलं होतं. देशातल्या मोठ्या खाणींपैकी ती एक. नदी एकदा आत आली की पंप कितीही असोत, आधी नदीला परत बाहेर घालवावं लागतं.

आत पडलेल्या पाण्याला जागा द्यायची

चर आणि बंधारा असूनही खड्ड्यावर सरळ पडलेला पाऊस आत येणारच. त्याच्यासाठी खाणीच्या सर्वांत खोल जागी मुद्दाम एक मोठा खड्डा ठेवतात, त्याला सम्प म्हणतात. गच्चीचा उतार जसा पन्हळीकडे करतो, तसा खाणीच्या तळाचा सगळा उतार सम्पाकडे करायचा. पाणी तिथे गोळा होतं आणि तराफ्यावर बसवलेले पंप ते वर ढकलत राहतात. तराफा अशासाठी की पाणी वाढलं की पंपही वर येतो, बुडत नाही.

इथे एक गोष्ट बाहेरच्याला लक्षात येत नाही. चांगली खाण पावसाळ्यात तळाची पायरी पाण्याला देऊन टाकते. जूनच्या आधीच तिथला कोळसा काढून घ्यायचा, यंत्रं वर आणायची आणि पावसाळ्यात काढायचा कोळसा वरच्या पायऱ्यांवर उघडा करून ठेवायचा. तळ बुडाला तरी काम वर चालू राहतं. ज्या खाणीनं उन्हाळ्यात घाईनं फक्त तळाचा कोळसा ओरबाडला आणि वरची ओबी तशीच ठेवली, तिच्याकडे जुलैमध्ये पाणी असतं आणि कोळसा नसतो. ऑक्टोबरच्या बातमीचं मूळ असं पुष्कळदा मार्च-एप्रिलमध्ये असतं.

पाऊस थांबला, पंपही चालू आहेत, मग आता काय अडलं?

आता रस्ता अडला.

काळ्या रानात पावसाळ्यात चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. दहा पावलांत चपलेला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलवत नाही. बैलगाडीचं चाक चार बोटं रुतलं तरी बैलांच्या माना ताठतात, आणि तीच गाडी डांबरी रस्त्यावर एक बैलही ओढेल. चाक रुतलं की ते सपाटीवरही चढ चढत असतं, कारण पुढे उभ्या राहिलेल्या चिखलाच्या काठावर त्याला सतत वर यावं लागतं. रस्ता चाकाला असा जो मागे खेचतो त्याला मी इथे ‘ओढ’ म्हणेन.

ही ओढ मोजता येते आणि ती चढाच्याच भाषेत मोजतात. कडक, दाबलेल्या रस्त्याची ओढ शंभराला दोन असते. म्हणजे शंभर मीटर सपाट जाताना डंपरच्या इंजिनाला दोन मीटर चढल्याइतका जोर लावावा लागतो. चाकं खोल रुतणाऱ्या चिखलात हीच ओढ शंभराला दहा किंवा त्याच्याही वर जाते.

आता हॉल रोडचा चढ बघू. खाणीच्या नियमांनुसार तो साधारणपणे सोळा मीटरला एक मीटर यापेक्षा तीव्र नसावा. छोट्या टप्प्यावर दहाला एक चालतो. सोळाला एक म्हणजे शंभराला सुमारे सहा. चांगल्या रस्त्यावर चढाचे सहा आणि ओढीचे दोन मिळून डंपरला आठ वाटतात. चिखलात सहा अधिक दहा, सोळा. इंजिनाची ताकद तीच, ओझं दुप्पट. म्हणून वेग निम्मा.

समजा एका खेपेला वीस मिनिटं लागतात, त्यातली आठ भरल्या गाडीनं चढण्याची. चिखलात ती आठची सोळा झाली, खेप अठ्ठावीस मिनिटांची. एका पाळीत प्रत्यक्ष काम सहा तास धरलं तर अठरा खेपांच्या जागी तेराच होतील. खेपेला पन्नास टन कोळसा धरला तर एका डंपरमागे एका पाळीत अडीचशे टन कमी. एक युनिट विजेला अंदाजे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे साडेतीन लाख युनिट वीज. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या साडेतीन हजार घरांचं महिन्याचं बिल, एका डंपरच्या एका पाळीत, आणि तेही काम एक मिनिटही बंद न ठेवता.

बंद ठेवावं लागतं ते वेगळंच. उतारावर रिकामा डंपर घसरू लागला की ब्रेक लावूनही चाकं धरत नाहीत. रस्त्याच्या दरीकडच्या कडेला सर्वांत मोठ्या वाहनाच्या चाकाएवढ्या उंचीचा मातीचा कठडा असावा असा नियम त्यासाठीच आहे. तरी जोराचा पाऊस सुरू झाला की गाड्या जागच्या जागी थांबवणं हाच खरा उपाय. शिवाय ओलं रबर कोरड्या रबरापेक्षा लवकर कापलं जातं. डंपरमधून सांडलेला एखादा धारदार दगड पाण्याखाली दडलेला असेल तर लाखो रुपयांचा टायर त्या एका दगडावर जातो.

रस्ता टिकतो तो पाण्यापासून सुटका झाली तर

ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर उसळतं. शंभर टनांचा डंपर ओल्या रस्त्यावरून गेला की तसंच होतं. चाकाखालचं पाणी दाबानं वर येतं आणि येताना बारीक माती सोबत घेऊन येतं. आत पोकळी राहते, पुढचं चाक ती दाबतं आणि खड्डा पडतो. खड्ड्यात पाणी साचतं आणि तेच चक्र अधिक जोरानं फिरू लागतं. सकाळी परातीएवढा दिसलेला खड्डा दुसऱ्या पाळीपर्यंत विहिरीच्या तोंडाएवढा होतो.

म्हणून रस्त्याची पाठ कासवासारखी हवी. मधोमध उंच, दोन्हीकडे शंभराला दोन-तीन इतका उतार, आणि कडेला वाहती नाली. रस्त्याच्या पोटात ओबीतला कठीण वालुकाश्म भरायचा, वर मुरूम पसरून रोलरनं दाबायचा. काळी माती मात्र आधी पूर्ण खरवडून टाकायची, कारण ती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेलं काहीही हलतं. आमच्याकडच्या घरांच्या भिंतींना पडलेल्या तड्यांचं कारणही हीच माती.

आणि मग रोजचं काम ग्रेडरचं. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांब पातं लावलेलं यंत्र, जे रस्ता तासून पुन्हा कासवाच्या पाठीसारखा करतं. मी एकदा पाऊस उघडल्यावर तासाभरानं त्याचं काम पाहिलं होतं. चालक आधी कडेची माती कापून साचलेल्या पाण्याला वाट करून देत होता. पाणी नालीत उतरेपर्यंत त्यानं रस्त्याच्या मध्याला पात्याचा स्पर्शही केला नाही. मग वरचा लोण्यासारखा चिखल अलगद बाजूला सारला, खालचा कडक थर उघडा केला, आणि तेव्हा कुठे त्यावर मुरमाची पहिली गाडी रिकामी झाली. चिखलावरच मुरूम टाकला असता तर तो त्यातच मुरला असता. घाईत असलेल्या ठिकाणी रोज हेच होतं आणि मुरमाचे पैसे चिखलात जातात.

डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता का करत नाहीत?

खाणीबाहेरच्या, वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्या रस्त्यांसाठी हे योग्यच आहे, आणि तिथे करतातही. गावातून जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांचा रस्ता तर पक्काच हवा, तो गावकऱ्यांचा हक्क आहे. पण खाणीच्या आत रस्ता स्थिर नसतो. कोळसा जसा काढत जाऊ तशी पायरी सरकते आणि पायरीबरोबर रस्ताही. काही महिन्यांत ज्या जागेखालचा कोळसा काढायचा आहे तिथे सिमेंट ओतून उपयोग नाही. त्यात साखळीच्या पट्ट्यावर चालणारे डोझर आणि शॉव्हेल डांबर उखडून टाकतात. दूरचा उपाय म्हणजे डंपरची धावच कमी करणं: कोळसा खाणीतच फोडून फिरत्या पट्ट्यावरून, म्हणजे कन्व्हेयरवरून वर आणायचा. पट्टा चिखलात रुतत नाही. मोठ्या खाणींचा कल आता तिकडे आहे, पण ओबीचा मोठा भाग अजून डंपरच वाहतात.

चार महिने काम बंद ठेवणं हाही उपाय नाही. वीज केंद्राला रोज कोळसा लागतो, आणि चार महिन्यांचा साठा करायला ना जागा आहे ना तो सुरक्षित. ढिगातला कोळसा फार दिवस पडला की आपोआप तापतो आणि धुमसू लागतो. उलट ओला कोळसा पाठवला तर केंद्रात तो नळकांड्यांना चिकटून बसतो, कामगारांना सळ्यांनी ढोसून पाडावा लागतो, आणि भट्टीची उष्णता आधी ते पाणी आटवण्यातच खर्च होते.

उन्हाळ्यात तोच रस्ता पाणी मागतो

ज्या रस्त्यावरून जुलैमध्ये पाणी घालवायला जिवाचं रान करायचं, त्यावरच एप्रिलमध्ये पाणी टाकावं लागतं. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मुरमाची पूड होते आणि डंपरमागे धुळीचा लोट उठतो. मागच्या चालकाला पुढचं दिसत नाही, आणि तीच धूळ शेजारच्या कापसावर आणि माणसांच्या छातीत जाऊन बसते. म्हणून अठ्ठावीस हजार लिटरचे टँकर दिवसभर रस्ते भिजवत फिरतात. हे पाणी पावसाळ्यात सम्पात साठवलेलंच असतं.

इथेही अति झालं की अपघात. जाणता टँकरचालक उतारावर सलग पाणी सोडत नाही. थोडा भिजवतो, थोडा कोरडा सोडतो, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या डंपरला धरायला कोरडी जमीन मिळते.

बाहेर सोडलेल्या पाण्याचं काय, आणि आमच्या विहिरींचं?

उपसलेलं पाणी गढूळ असतं. ते आधी तळ्यात निवळू द्यायचं आणि मगच नाल्यात सोडायचं. तरंगत्या गाळाची कायदेशीर मर्यादा लिटरला शंभर मिलिग्रॅम आहे. ही तळी गाळानं भरली की ती केवळ नावाची उरतात आणि नाला काळा वाहू लागतो. ज्या कोळशात गंधक जास्त असतं तिथे पाणी आम्लही होतं. मेघालयात हा त्रास मोठा आहे.

खाणीमुळे विहिरी आटतात ही तक्रार खोटी नाही. खड्डा भोवतालच्या खडकातलं पाणी आपल्याकडे ओढतो. कोळशावरचा वालुकाश्म पाण्यानं भरलेला असतो, आणि गावच्या विहिरीही त्यातूनच पाणी घेतात. त्यामुळे जवळच्या विहिरींची पातळी खाली जाते, आणि हे पाणी गावाला परत मिळावं ही मागणी रास्त आहे. काही ठिकाणी तसं घडलंही आहे. नागपूरजवळ पाटणसावंगीला खाणीचं पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावानं बाटलीत भरलं गेलं. पण बाटलीपेक्षा मला गावच्या नळाला आणि कालव्याला मिळणारं पाणी महत्त्वाचं वाटतं, कारण विहीर आटते ती शेतकऱ्याची.

खाण संपली की पंप बंद होतात. खडकातलं पाणी सावकाश परत येतं, पाऊस त्यात भर घालतो आणि काही वर्षांत तिथे खोल तलाव होतो. त्याच्या भिंती म्हणजे त्याच जुन्या पायऱ्या, पाण्याखाली एकदम तुटणाऱ्या. कडेवरून पाय घसरला तर धरायला काही नसतं, म्हणून अशा तलावाला कुंपण लागतं आणि मुलांना तिथे पोहायला जाऊ देता कामा नये. एकाच बाजूनं पाण्यात सावकाश उतरता येतं. तिथे कधीकाळी डंपर चढायचे, सोळा मीटरला एक मीटर. आता संध्याकाळी म्हशी त्या रस्त्यानं पाण्यात उतरतात.